न पोळणारा हात

माह्या जिभेले हाड नाई, हे आमच्या मावला गावातलं कुत्रंबी सांगन. म्हून आधीच सांगून टाकते, धम्मदीपच्या हाताची जी नासाडी झाली तिच्यात अर्धा वाटा रोगाचा हाय अन् अर्धा माह्या जिभेचा. लोक म्हणतात, सुवर्णाताई, तुमी काऊन मनाले लावून घेता, तुमी का डॉक्टर होता? नोती ना बापा, डॉक्टर नोती. पण डोळे त होते का नाई मले?

आमचं कार डेकोरचं दुकान हाय, हायवेवरून आदिलाबादेत शिरताना. सीट कव्हर मी शिवते. नवरा हैदराबादहून माल आणते. गिऱ्हाईकासंगं बोलणं, भांडणं, लाडीगोडी लावणं, सगळं माह्याकडं. अन् कार्बन शीटचं काम धम्मदीपकडं होतं. कार्बन शीट म्हणजे काळी चिकट शीट, तिच्यावर बारीक विणल्यावाणी नक्षी राह्यते. गाडीच्या आतली प्लास्टिकची पट्टी, गिअरभोवतीची चौकट, दाराच्या हँडलमागची वाटी, यायच्यावर ती चढवली का जुनी गाडीबी झोकात दिसते. पोट्ट्यायले तिचं लय वेड.

सपाट पट्टीवर शीट कोनीबी चिटकवते. खरी परीक्षा वळणावर. हँडलमागची वाटी खोलगट असते, तिथं शीट गरम हवेनं नरम करून दाबत दाबत बुडापर्यंत न्या लागते. जास्त ओढली का नक्षी वाकडी होते. जास्त तापली का चकाकी मरते. कमी तापली त चार दिवसानं गाडी उन्हात उभी राह्यली का कडा उठून येते, अन् आमच्या उन्हाळ्यात बंद गाडीत भाकर भाजून निघन असं ऊन. एका हातानं हीट गनची हवा मारायची अन् दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं दाबायचं. मोजे घातले त वळणाचा अंदाज येत नाई, म्हून उघड्याच हातानं करतात. बाकीचे कारागीर अंगठा टेकवतात अन् "मेलो" म्हणून मागं घेतात.

आमच्याकडं आला तवा धम्मदीपबी मागंच घ्यायचा. पण त्याच्या बोटायची गोष्टच निराळी होती. साफ केलेल्या पट्टीवरून डोळे मिटून बोटं फिरवे अन् म्हणे, "ताई, इथं खडा हाय." मी चष्मा लावून पाहो त मले काई दिसत नसे. तो त्या जागी कपड्यानं पुसे, अन् खरंच कपड्याले मोहरीच्या पाव दाण्याएवढा कण लागलेला राहे.

त्याच्या घरचे त्याच्यावर नाराज होते, ते सांगा लागते. बाप दौलतकाका जन्मभर लोकायच्या वावरात सालदार राह्यला. जोंधळ्याच्या कण्या खाऊन पोरं शिकवली. मोठा हर्षदीप शाळेत मास्तर झाला, बहीण कचेरीत कारकून झाली. हा बी.कॉम. अर्धं सोडून नागपूरले पळाला अन् गाड्यायचं काम शिकून आला. बाप त्याच्याशी तीन वर्षं बोलला नाई. म्हणे, "पिढ्यान् पिढ्या आमी हातानं राबलो. तुले त्याच्यातून काढलं, अन् तू परत हातच घेऊन बसला?" धम्मदीप हे हसत सांगे, "आमच्या घरात सगळे कागदाचे, ताई, मी एकटा हाताचा." पण हसू पुरं नसे त्याचं.

मंग एक दिवस दौलतकाका स्वतःच दुकानावर आला. एका गाडीची अख्खी डॅशबोर्डची पट्टी नुकतीच झाली होती, या दारापासून त्या दारापर्यंत. म्हाताऱ्यानं तिच्यावरून बोट फिरवलं. "जोड कुठं हाय?" म्हणे. "जोड नाई बाबा, एकच शीट हाय." म्हाताऱ्यानं परत एकदा बोट फिरवलं, वळणावर थांबला, खाली वाकून पाह्यलं. "बरं हाय," इतकंच म्हणला. त्या दिवशी धम्मदीपनं आमाले सगळ्यायले जिलेबी खाऊ घातली. त्याच्या हाताले काय मोल होतं, हे त्यावरून समजून घ्या. दुसऱ्यायले हात पोटासाठी असतात, याले बापापुढं मान वर कराले होते.

अडीच वर्षांआधीची गोष्ट. धम्मदीप मले म्हणला, "ताई, गंमत पाहा. आता पोळत नाई."

त्यानं हीट गन चालू केली, शीट वाटीत सोडली अन् अंगठा टेकवून ठेवला. एक, दोन, तीन, चार... मीच ओरडली, "अरे काढ रे बावा!" तो हसून राह्यला होता. वाटी अशी बसली होती का जणू कारखान्यातूनच काळी आली.

मी म्हणलं, "हात मुरला तुहा."

आमच्या धंद्यात असंच म्हणतात. हलवायाचा हात मुरते, लोहाराचा मुरते, माही माय तव्यावरची भाकर हातानंच पलटे. हात मुरला म्हणजे कारागीर पक्का झाला, अशी आमची अक्कल. त्याच्या मनगटाच्या वर एक फिकट चट्टा आला होता, तोबी त्यानं दाखवला. मेडिकलवाल्यानं गजकर्णाचं मलम देल्लं होतं. मी म्हणलं, घामानं होते, लावत जाय.

अन् मंग या बाईनं काय केलं? त्या हाताचा तमाशा केला. गिऱ्हाईक आलं का मी म्हणायची, "साब, देखो, इसका हाथ नहीं जलता." तेलुगू ड्रायव्हर तोंडावर हात ठेवून "अय्यय्यो अक्का" म्हणत. कोण्या पोट्ट्यानं त्याचा व्हिडिओ काढून टाकला मोबाइलवर, त निर्मलहून, चंद्रपूरहून गाड्या याले लागल्या. "वो हाथ नहीं जलता वाला किधर है?" असं विचारत येत. धम्मदीप लाजे, पण मनातून सुखावे. त्याची बायको प्रगती नुकतीच बाळंत झाली होती. त्यानं पोरीचं बारसं थाटात केलं अन् बापाले पहिल्या पंगतीले बसवलं.

त्याच दिवसायत त्याच्या कामात चुका निघू लागल्या. शीटखाली खडा राहून जाये. ब्लेडचा ओरखडा पडे. मी फाडफाड बोलायची, "लक्ष कुठं हाय तुह्यं? पोरगी झोपू देत नाई का?" तो आपल्याच बोटायकडं पाहात राहे, अन् अंगठा बोटायवर घासून पाहे. एक डाव जेवताना त्याच्या बोटावर टम्म फोड आलेला दिसला. "हे कवा झालं?" मी विचारलं. तो म्हणे, "मलेबी आताच दिसलं." अन् आमी दोघं हसलो. हसलो! पोळत नाई हे एकीकडं, खडा लागत नाई हे दुसरीकडं, दोन्ही गोष्टी माह्या डोळ्यापुढं होत्या, अन् मले वाटलं एक त्याची कला हाय अन् एक त्याचा आळस.

मंग सरकारी दवाखान्याकडून आशावाली कौशल्याबाई आली. घरोघर, दुकानोदुकान फिरून विचारून राह्यली होती, कोनाच्या अंगावर फिकट चट्टा हाय का, चट्ट्याले चिमटा घेतला त कळते का. मी मशीनवर बसून एका गिऱ्हाईकाले पटवून राह्यली होती. धम्मदीप उठला, बाहीचं बटन काढत काढत तिच्याकडं चालला. "बाई, माह्या इथं एक..."

मी मशीनवरूनच आवाज देल्ला, "कौशल्याबाई, आमच्याकडं कोनी रोगी नाई वो! गिऱ्हाईक उभं हाय, पुढच्या दुकानात विचारा. अन् धम्मदीप, त्या गाडीचं दार पाह्य आधी."

त्यानं बटन परत लावलं. बाईनं वहीत काईतरी खूण केली अन् गेली. तिचा काई दोष नाई. नऊ महिने गेले मंग. दवाखान्यातली डॉक्टरीण मागाहून म्हणली, ते नऊ महिने लय मोलाचे होते.

शेवटी समजलं ते असं. नेरडीगोंड्याच्या एका ठेकेदाराची नवीकोरी गाडी होती, आतून सायीच्या रंगाची. चारी दारायच्या वाट्या काळ्या करायच्या होत्या. धम्मदीप सकाळपासून आत बसला होता. दुपारी ठेकेदार आला, दार उघडलं अन् शिव्याच द्याले लागला. मी धावत गेली. सायीच्या रंगाच्या त्या चारी दारायवर, सीटवर, स्टेअरिंगवर लाल ठसे उठले होते. अंगठ्याचे.

धम्मदीप म्हणला, "हे कुठून आलं?" अन् खरं सांगते, त्यानं आधी ठेकेदाराच्या हाताकडं पाह्यलं, मंग माह्या. मंग स्वतःचा हात वर केला. अंगठा ब्लेडनं उभा चिरला होता, आतलं पांढरं दिसे. घंटाभर तरी झाला असन. तो त्या अंगठ्याकडं असा पाहे का जणू दुसऱ्याचा हाय.

"दुखत नाई का रे?"

"नाई ना, ताई."

ठेकेदाराचं ओरडणं चालूच होतं, मले ते ऐकूच येत नोतं. माह्या पदराले सीट शिवायची जाड सुई टोचलेली होती, ती काढली. म्हणलं, तिकडं पाह्य. करंगळीले टोचली. काई नाई. तळहाताले. काई नाई. मनगटावरच्या चट्ट्याले टोचली, रक्ताचा थेंब आला, अन् हा आपला भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहात उभा. कोपराच्या वर टोचली तवा "आई गं" म्हणला.  आमच्या गावात एक म्हातारा होता, बोटं झडलेला, लहानपणी आमी त्याच्या सावलीलेबी भेत होतो. मले एकदम तोच आठवला.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण तेलुगू होती, आमच्यासंगं हिंदीत बोले. चांगली होती. तिनं कोपरापाशी नस दाबून पाह्यली, दोरीवाणी जाड झाली होती. कुष्ठरोग, म्हणली. आमी ज्याले महारोग म्हणतो तो. गोळ्या फुकट हायेत, वर्षभर घ्यायच्या, पहिल्या डोसानंतर कोनाले लागत नाई, पूर्ण बरा होते. धम्मदीपच्या चेहऱ्यावर रंग आला. मंग त्यानं विचारलं, "और हाथ?"

तिनं उलट विचारलं, "कितने दिन से सुन्न है?"

"दो साल."

"दो साल! किसी ने कुछ बोला नहीं?"

"बोले ना मॅडम," धम्मदीप म्हणला. "सब बोले, हाथ बहुत अच्छा है."

मी तिथं उभी होती. जमीन फाटन त बरं असं म्हणतात लोक, मले त्या दिवशी त्याचा अर्थ समजला.

तिनं सांगतलं, रोगाचे जंतू मरतील, पण दबलेली नस परत जागी होईल का नाई, ते सांगता येत नाई. सहा महिने सूज उतरायच्या गोळ्या देऊन पाहू. त्या सहा महिन्यात आलं त आलं. नाई आलं, त मंग कधीच येत नाई. दर महिन्याले तपासाले या.

आता सगळंच सांगून राह्यली त हेबी सांगते. दवाखान्यातून आल्यावर मी त्याच्या चहाचा कप वेगळा ठेवला. डॉक्टरीण लागत नाई म्हणली तरी ठेवला. नवऱ्यानं सांगतलं नोतं, कोनीच सांगतलं नोतं, माह्या हातानं आपोआप ठेवला. धम्मदीप दोन दिवस त्या कपात चहा प्याला. तिसऱ्या दिवशी कप धुवून माह्यापुढं ठेवला अन् म्हणला, "ताई, माह्या आज्याचा कप असाच पाटलाच्या गोठ्यात खुंटीले राहे. त्याले कोणताच रोग नोता." आवाज चढवला नाई.  दुसऱ्या दिवशी मी सगळ्यायचे कप एकाच घमेल्यात धुतले, त्यानं कोणता घेतला तेबी पाह्यलं नाई. पण व्हायचं त होऊन गेलं होतं. बैल गेला अन् झोपा केला, त्याचा काय उपयोग?

ते सहा महिने आमी कसे काढले आमालेच ठाव. शीटचं काम मी घेतलं नाई. दुसरा कारागीर ठेवा म्हणून नवरा मागं लागला, मी म्हणलं, धम्मदीपची जागा हाय ती. तो सकाळी येऊन बसे. हात कोमट पाण्यात बुडवे, तेल लावे, बोटं सरळ करायचा व्यायाम करे. करंगळी अन् तिच्या बाजूचं बोट वाकाले लागलं होतं. घरी प्रगती त्याले चुलीपाशी जाऊ देत नसे. तो मले म्हणला, "पोरीले ताप आला त हातानं कळत नाई, ताई. गालाले गाल लावून पाहा लागते." बापाले त्यानं काईच कळवलं नोतं. म्हणे, हात परत आला का मंगच सांगीन.

दर महिन्याले मी त्याच्यासंगं दवाखान्यात जायची. तपासणी साधीच होती. डॉक्टरीण एक बारीक नायलॉनचा दोरा घ्यायची, धम्मदीपनं डोळे मिटायचे, ती हातावर एकेका जागी दोरा टेकवायची, अन् लागला का त्यानं "हाँ" म्हणून ती जागा दुसऱ्या हातानं दाखवायची. दहा जागा होत्या. पहिल्या महिन्यात एक, तीबी मनगटावरची. दुसऱ्या महिन्यात एकच. तिसऱ्यात दोन.

चौथ्या महिन्यात पाच आल्या. माय वो! मी तिथंच टाळी वाजवली. पाचव्या महिन्यात सात! अंगठा, तर्जनी, सगळी बरोबर सांगून राह्यला. डॉक्टरीण मात्र कपाळाले आठी घालून लिहीत होती, मले तिचा रागच आला. परत येताना ऑटोत तो सारखा अंगठा बोटावर घासे अन् म्हणे, "येऊन राह्यलं ताई, नक्की येऊन राह्यलं." मी घरी येऊन नवऱ्याले कार्बन शीटचा नवा रोल मागवाले लावला. अन् एवढ्यावर गप बसन ती सुवर्णा कायची! धम्मदीपले न विचारता दौलतकाकाले फोन केला, सगळं सांगतलं, अन् म्हणलं, "काका, घोर करू नका, हात आला समजा."  म्हातारा म्हणला, "येतो मंग पाह्याले."

सहाव्या महिन्याच्या तपासणीले धम्मदीप इस्त्रीचा शर्ट घालून आला. खुर्चीवर बसला, बाही वर केली, हात टेबलावर ठेवला, डोळे मिटले. मी बाजूले उभी.

डॉक्टरीणनं अंगठ्याले दोरा लावला. "हाँ," तो म्हणला अन् अंगठा दाखवला. तिनं तर्जनीले लावला. "हाँ." बरोबर. दर डाव ती याच क्रमानं जाये, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, मंग तळहात, मंग मनगट.

मंग तिनं दोरा टेबलावर ठेवून देल्ला. हातायची घडी घालून बसली.

"हाँ," धम्मदीप म्हणला, अन् मधलं बोट दाखवलं.

मले वाटलं, मले नीट दिसलं नसन. मी दोऱ्याकडं पाह्यलं. तो टेबलावरच होता.

"हाँ. इधर." बाजूचं बोट. जरा थांबला. कपाळावर घाम आला होता, डोळे गच्च मिटले होते, अख्खा जीव त्या हातात नेऊन ठेवल्यावाणी बसला होता. "हाँ, हल्का लगा. इधर." करंगळी. मंग तळहात. मंग तळहाताच्या अजून दोन जागा, मंग मनगटाच्या दोन. डॉक्टरीणनं माह्याकडं पाह्यलं अन् मान हलवली. मी तोंडात पदर कोंबला.

तो लबाडी करून राह्यला नोता, हे तुमी ध्यानात घ्या. लबाडाचा चेहरा मी ओळखते, जन्म गेला गिऱ्हाईकं पाह्यण्यात. त्याले खरंच लागून राह्यलं होतं.

त्यानं डोळे उघडले. डॉक्टरीण कागदावर लिहाले लागली होती, म्हून त्यानं मलेच विचारलं, "किती बरोबर आल्या, ताई? दहाच्या दहा ना?"

या तोंडानं मी त्याच्या हाताची किती खोटी वाहवा केली होती. आता एक खोटं अजून बोलली असती त काय बिघडलं असतं? पण नाई बोलवलं.

"दोरा टेबलावर हाय, धम्मदीप," मी म्हणलं. "दोन बोटायनंतर तिनं लावलाच नाई."

त्यानं टेबलावरच्या दोऱ्याकडं पाह्यलं. मंग आपल्या हाताकडं. 

"मंग मले लागला कसा?" तो म्हणला.